पद्मनाभपुरमचा राजवाडा कसा पाहावा : छपरापासून जमिनीपर्यंत

कन्याकुमारीला निघालेल्या मराठी प्रवाशाच्या मनात बहुधा दोन गोष्टी पक्क्या असतात : समुद्रातले विवेकानंद स्मारक आणि सूर्योदय. स्मारकाशी एकनाथजी रानडे यांचे नाव जोडलेले असल्यामुळे महाराष्ट्रातून तिकडे जाणाऱ्यांचा ओघ मोठा आहे. त्याच वाटेवर, तिरुवनंतपुरम आणि नागरकोविल यांच्या दरम्यान, तक्कलै गावापासून जेमतेम दोन किलोमीटर आत पद्मनाभपुरमचा राजवाडा उभा आहे. सहलीच्या कार्यक्रमात त्याच्या वाट्याला एक तास येतो. त्या तासात दालने पायाखालून जातात, पलंग आणि घड्याळ पाहून होते, आणि ज्या कामासाठी हा वाडा देशातल्या लाकडी वास्तूंमध्ये अग्रगण्य मानला जातो ते काम डोक्यावर असूनही नजरेतून निसटते. पहिल्या भेटीत माझेही असेच झाले होते. त्यानंतर दोनदा निवांतपणे पाहिल्यावर जो क्रम मला उपयोगी वाटला, तो येथे देत आहे. हाताशी किमान साडेतीन तास ठेवावेत.

निघण्यापूर्वी

राजवाडा सोमवारी बंद असतो, आणि अनेकांचा हेलपाटा याच कारणाने होतो. इतर दिवशी तो सकाळी नऊच्या सुमारास उघडतो व दुपारी जेवणाच्या वेळी तासभर बंद ठेवला जातो, म्हणून उघडता उघडता पोहोचणे सर्वांत चांगले. रविवार आणि ओणम-नवरात्राचे दिवस शक्यतो टाळावेत. अरुंद जिन्यांवर रांग लागली की एका जागी थांबून पाहणे अशक्य होते. कोकण रेल्वेने तिरुवनंतपुरमला उतरल्यास पुढे रस्त्याने दीड-दोन तास लागतात. तिरुवनंतपुरम–नागरकोविल मार्गावरचे इरणीएल हे स्थानक राजवाड्याला जवळ आहे, पण तेथे सगळ्या गाड्या थांबत नाहीत.

प्रवेशद्वारापाशी पादत्राणे काढून ठेवावी लागतात. हा केवळ शिष्टाचार समजू नये, कारण येथील जमिनीची ओळख डोळ्यांइतकीच तळव्यांनी होते. उघड्या अंगणातले दगड मात्र दुपारी तापतात, आणि सकाळी लवकर जाण्याचे हे आणखी एक कारण आहे. सोबत लहान वही, पेन्सिल आणि असल्यास दुर्बीण घ्यावी. आत अनेक ठिकाणी अंधार आहे, तरीही विजेरीची घाई करू नये. डोळे सरावायला दोन मिनिटे दिली की जेवढा उजेड बांधणाऱ्यांनी ठरवून दिला होता तेवढ्यातच सगळे दिसू लागते. दालनांमध्ये राजवाड्याचे कर्मचारी माहिती देतात. त्यांच्याशी मोडक्यातोडक्या हिंदी-इंग्रजीत बोलले तरी चालते, आणि विचारले की ते मनापासून सांगतात.

इतिहास किती माहीत असावा

फार नाही, पण चार गोष्टी पक्क्या असाव्यात. या जागेचे जुने नाव कल्कुळम, आणि ही वेणाडच्या, म्हणजे त्रावणकोरच्या आधीच्या येथील राज्याच्या, राजांची राजधानी होती. इरविवर्म कुलशेखर पेरुमाळ या राजाने 1601 च्या सुमारास येथे राजवाडा उभारला असे मानले जाते, मात्र आतला सर्वांत जुना भाग त्याच्याही आधीचा, सोळाव्या शतकाच्या मध्याचा आहे. 1729 ते 1758 या काळात राज्य करणाऱ्या मार्तंड वर्मा यांनी लहान-मोठी संस्थाने जिंकून त्रावणकोर राज्य घडवले, 1741 साली कुळच्चलच्या लढाईत डच कंपनीच्या सैन्याचा पराभव केला, आणि जानेवारी 1750 मध्ये संपूर्ण राज्य श्रीपद्मनाभस्वामींच्या चरणी अर्पण करून स्वतः ‘पद्मनाभदास’ म्हणून कारभार चालवला. राजवाड्याचे आजचे रूप आणि पद्मनाभपुरम हे नाव, दोन्ही त्यांच्याच कारकिर्दीतले. 1795 साली राजधानी तिरुवनंतपुरमला हलली, आणि त्यामुळे या वाड्यावर पुढच्या शतकातली पाश्चात्त्य धाटणीची डागडुजी झाली नाही. राजधानी गेली म्हणून वाडा वाचला, असे म्हणायला हरकत नाही.

1956 साली भाषावार प्रांतरचनेत हा भाग तेव्हाच्या मद्रास राज्यात गेला, पण राजवाडा केरळच्या पुरातत्त्व विभागाकडेच राहिला. त्यामुळे आज आपण तमिळनाडूच्या जमिनीवर उभे राहून केरळ सरकारचे तिकीट काढतो. सुमारे 185 एकरांच्या दगडी किल्ल्याच्या आत साडेसहा एकरांवर ही वास्तू पसरलेली आहे, आणि 2014 पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहे.

आत शिरण्याआधी : छप्पर बाहेरून वाचावे

तिकीट काढल्याबरोबर दरवाजाकडे वळू नये. अंगणात दहा पावले मागे येऊन छपरांकडे पाहावे. कौलारू पाखे खूप उभी आहेत आणि त्यांच्या वळचणी भिंतीच्या बऱ्याच पुढे, खाली उतरलेल्या आहेत. या जिल्ह्यात नैर्ऋत्य आणि ईशान्य असे दोन्ही मोसमी पाऊस पडतात. पाणी क्षणभरही वर थांबता कामा नये आणि भिंतीवर झोडपता कामा नये, या दोन गरजांतून हा आकार आला आहे. कोकणात वाढलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही, कारण तेथेही जांभ्याच्या भिंती, खोल पडवी आणि पागोळ्या दूर टाकणारी वळचण याच कारणाने आली.

आता पाख्यांच्या टोकाशी असलेला कोरीव लाकडी त्रिकोण पाहावा. याला मुखप्पू म्हणतात. नाकासारखी पुढे आलेली ही रचना शोभेची वाटते, पण तिच्या फटींतून छपराखाली साठलेली गरम हवा बाहेर जाते. वाड्यातली प्रत्येक सुंदर वस्तू प्रथम काय काम करते ते विचारायची सवय येथूनच लावून घ्यावी.

पूमुखम : येथे अर्धा तास द्यावा

राजाला भेटायला आलेला माणूस प्रथम पूमुखम या दर्शनी दालनात येई. तेथे चिनी व्यापाऱ्यांनी भेट दिलेली खुर्ची, झिलई केलेला दगडी मंचक, ओणमच्या वेळी मांडलिकांनी राजाला अर्पण केलेली ओणविल्लू, म्हणजे रंगवलेली लाकडी धनुष्ये, आणि साखळीला टांगलेला घोडेस्वाराचा पितळी दिवा आहे. दिवा ज्या दिशेला वळवावा त्या दिशेला स्थिर राहतो, एवढी साखळीची घडण अचूक आहे. सगळी गर्दी या चार वस्तूंभोवती होते.

आपण मात्र मान वर करावी. लाकडी तक्तपोशीवर 90 फुले कोरलेली आहेत आणि एकही दुसऱ्यासारखे नाही असे सांगितले जाते. सगळी मोजण्याच्या भरीला पडू नये. एका रांगेतली पाच फुले निवडावीत आणि त्यांच्या पाकळ्यांची संख्या, मधल्या गोंड्याचा उठाव, कडेची वळणे वहीत रेखाटावीत. तिसऱ्या फुलापर्यंत आल्यावर लक्षात येते की कारागिराने चौकटीचे माप कायम ठेवले आहे आणि वेगळेपण आतल्या आत घडवले आहे. शिस्त आणि मोकळीक एकत्र नांदण्याचे याहून चांगले उदाहरण मी तरी पाहिलेले नाही.

यानंतर कडेला यावे, जेथे तक्तपोशी संपून वळचणीचे वासे उघडे दिसतात. या वाड्यातला सर्वांत महत्त्वाचा धडा येथे आहे. भिंतींच्या आणि खांबांच्या माथ्यावरून जी जाड आडवी तुळई चारही बाजूंनी फिरते तिला उत्तरम म्हणतात. तिच्यावर टेकून वर आढ्यापर्यंत जाणारा वासा म्हणजे कळुक्कोल. प्रत्येक वाशाला विशिष्ट उंचीवर आरपार भोक आहे, आणि त्या सगळ्या भोकांतून एकच लाकडी पट्टी ओवलेली आहे. तिचे नाव वळ. या पट्टीने वासे एकमेकांना असे जखडले जातात की एक ढकलला तर भार सगळ्यांवर वाटला जातो. जोडणीची सगळी मदार खाचा, खुंट्या आणि ओवलेल्या पट्ट्या यांच्यावर आहे, लोखंडी खिळ्यांवर नाही.

आता कोपऱ्यातले वासे पाहावेत. तेथे ते पंख्यासारखे पसरतात, म्हणजे प्रत्येकाची लांबी वेगळी, तिरकेपणा वेगळा, आणि भोकाचा कोनही वेगळा. तरीही ती पट्टी सगळ्यांतून सरळ जाते. वासे वर चढवून मग भोके पाडणे शक्य नसते. ती जमिनीवरच, हिशेबाने, आधी पाडलेली असतात. तच्चन, म्हणजे मुख्य सुतार, छप्पर उभे राहण्यापूर्वी ते पूर्ण मनात बांधत असे. एका कोपऱ्यातले वासे एकामागून एक नजरेने चढत जावेत; मला या कोपऱ्याखालून हलायला नेहमीच वेळ लागतो.

मंत्रशाला : उजेड आणि जमीन

पूमुखमच्या वर, अरुंद लाकडी जिन्याने चढून, राजा आणि मंत्री जेथे खलबत करीत ती मंत्रशाला लागते. जिना इतका चिंचोळा आहे की एका वेळी एकच माणूस आणि तोही वाकून वर येऊ शकतो; संरक्षणाची ही युक्ती आपल्या जुन्या वाड्यांतल्या जिन्यांतही दिसते.

वर आल्यावर खिडक्यांकडे पाहावे. लाकडी पट्ट्या अशा तिरक्या बसवल्या आहेत की वारा आत येतो आणि ऊन बाहेर राहते. काही तावदानांत काचेऐवजी रंगीत अभ्रक आहे, त्यामुळे आलेला उजेड मऊ होऊन पसरतो. हात पट्टीजवळ धरावा, बाहेर वारा नसतानाही हलकी झुळूक जाणवते. दुपारी मुद्दाम येथे परत आले तर बाहेरच्या आणि आतल्या हवेतला फरक अंगाला कळतो.

मग जमीन. काळी, थंड, आणि तेलपाणी दिल्यासारखी चमकणारी. जाळलेल्या नारळाच्या करवंट्यांचा कोळसा, चुना, नदीची वाळू, गूळ, अंड्याचा पांढरा बलक आणि वनस्पतींचे रस यांचे मिश्रण पसरून, ठोकून आणि घोटून ही जमीन तयार केलेली आहे. चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे हळूहळू पुन्हा दगडासारखा घट्ट होतो. करवंटीच्या कोळशामुळे रंग येतो. गूळ आणि अंड्याचा पांढरा बलक चुन्याला चिकटपणा देतात. चुन्यात गूळ घालण्याची रीत आपल्याकडच्या जुन्या बांधकामांतही होतीच. खरी चमक मात्र घोटण्यातून येते. खिडकीसमोर उकिडवे बसून जमिनीच्या पातळीवरून तिरके पाहिले की खिडकीच्या पट्ट्यांचे प्रतिबिंब जमिनीत जवळजवळ अखंड दिसते. येथे तळवा एकदा पूर्ण टेकवून उभे राहावे आणि शहाबादी फरशी किंवा कोब्यापेक्षा हा स्पर्श कसा वेगळा आहे ते लक्षात ठेवावे.

पुढची दोन ठिकाणे थोडक्यात

मणिमालिका या मनोऱ्यातले घड्याळ दोरीला टांगलेल्या वजनांच्या ओढीवर चालते आणि अजूनही टोले देते. टोला ऐकायला मिळावा म्हणून तासाच्या ठोक्याला जवळपास असावे, एवढे पुरे. ऊट्टुपुरा हे अन्नदानाचे दुमजली लांबलचक दालन. दोन मजल्यांवर मिळून दोन हजार माणसे जेवत असे सांगतात. लोणच्यासाठी वापरलेल्या मोठ्या चिनी बरण्या जवळच मांडलेल्या आहेत. बाहेरच्या बाजूला एक गोल धोंडा आहे. सैन्यात भरती होऊ इच्छिणाऱ्याला तो डोक्यावर 101 वेळा उचलावा लागे, अशी कथा प्रत्येक मार्गदर्शक सांगतो.

ताय्कोट्टारम : सगळ्याचे मूळ

याचा अर्थ मातृप्रासाद. सोळाव्या शतकाच्या मध्याचा हा भाग वाड्यातला सर्वांत जुना आहे, आणि केरळी घराचा आराखडा समजून घ्यायला येथल्याइतकी सोपी जागा दुसरी नाही. मधोमध उघडा चौक आणि चार बाजूंना चार सोपे अशी रचना आहे. तिला नालुकेट्ट म्हणतात आणि चौकाला नडुमुट्टम. आपल्या चौसोपी वाड्याचे हे भावंडच, फक्त येथे पाखे चौकावर फार खाली उतरतात, त्यामुळे चौकात आकाश कमी आणि सावली जास्त. चारही पाख्यांचे पाणी चौकात पडते आणि मोरीने बाहेर जाते. पावसाळ्यात आलात तर हे पाणी पडताना पाहायला थांबावे.

चौकाच्या कडेला उभे राहून एक हिशेब समजून घ्यावा, म्हणजे ही घरे इतकी प्रमाणबद्ध का दिसतात ते उमगते. तच्चुशास्त्राचे, म्हणजे केरळी सुतारांच्या बांधकामशास्त्राचे, माप कोल. एक कोल म्हणजे 24 अंगुळे, आजच्या हिशेबाने 72 सेंटिमीटर. सुतार घराचा परीघ उत्तरमच्या पातळीवर धरतो, त्याला 3 ने गुणतो आणि 8 ने भागतो. बाकी 1, 3, 5 किंवा 7 अशी विषम उरली तरच माप ग्राह्य. या प्रत्येक बाकीला योनी म्हणतात आणि ती एकेका मुख्य दिशेशी जोडलेली असते. समजा परीघ 40 कोल धरला तर 120 ला 8 ने भागून बाकी शून्य, म्हणून ते माप नाकारले जाते. 41 कोल धरला तर 123 मधून 120 गेले, बाकी 3, म्हणून चालते. शुभाशुभाचा भाग बाजूला ठेवला तरी या नियमाचा एक व्यावहारिक परिणाम उरतो : सुतारांच्या पिढ्यांना ठरावीक, पारखलेल्या मापांचा साठा मिळाला, आणि त्या मापांवर बेतलेल्या खांब, तुळया, वाशांची प्रमाणे त्यांना तोंडपाठ झाली. सोळाव्या शतकातल्या ‘मनुष्यालयचंद्रिका’ या संस्कृत ग्रंथात हे नियम श्लोकांत बांधलेले आहेत.

जवळच एकांतमंडपम आहे. त्यातला फणसाच्या एकाच लाकडातून कोरलेला खांब या वाड्याचा मानबिंदू समजला जातो. खांबाच्या चारही बाजू पाहाव्यात, आणि कोरीवकाम लाकडाच्या रेषांच्या दिशेने कोठे जाते व आडवे कोठे जाते ते शोधावे. फणस कोरायला सोपा आणि वाळवीला तुलनेने दाद न देणारा. म्हणूनच कोकणातल्या घरांत आणि देवळांतही तो दिसतो. वाड्यात त्याखेरीज साग, शिसव आणि आंजिली, म्हणजे फणसाच्याच कुळातला रानफणस, वापरलेले आहेत. या भागातून दूर नेणाऱ्या गुप्त भुयाराची वाट दाखवतात, पण ती बंद आहे.

उप्पिरिक्का मालिका

मार्तंड वर्मा यांनी 1750 च्या सुमारास बांधलेली ही चार मजली इमारत, आणि तिच्या मजल्यांच्या क्रमात त्या राजाची राजनीती उभी केलेली आहे. तळमजल्यावर खजिना, त्यावर राजाचे शयनगृह, त्यावर उपवास व विश्रांतीची जागा, आणि सर्वांत वर प्रत्यक्ष पद्मनाभस्वामींचे दालन. राजा देवाच्या खाली झोपतो आणि संपत्ती राजाच्याही खाली असते. राज्य देवाला अर्पण केल्याची गोष्ट पुस्तकात वाचण्यापेक्षा या जिन्यापाशी उभे राहून अधिक नेमकी कळते. शयनगृहातला पलंग 64 प्रकारच्या औषधी लाकडांचा असून डच कंपनीने तो भेट दिला, असे सांगतात.

वरच्या दालनातली भित्तिचित्रे जपणुकीसाठी प्रेक्षकांना खुली नाहीत, आणि त्याबद्दल नाराज होऊ नये. चुन्याच्या गिलाव्यावर नैसर्गिक रंगांनी काढलेली ही चित्रे माणसांच्या श्वासातल्या ओलाव्यानेही खराब होतात. याच इमारतीत दरवर्षी नवरात्रापूर्वी राजचिन्ह असलेली तलवार समारंभाने सोपवली जाते आणि सरस्वतीची मूर्ती मिरवणुकीने तिरुवनंतपुरमला निघते.

नवरात्रमंडपम आणि उरलेला वाडा

इंद्रविलासम हे परदेशी पाहुण्यांसाठीचे, आकाराने आणि खिडक्यांनी वेगळे पडणारे दालन पटकन पाहून होते. अंबारीच्या आकाराचा सज्जा, अंबारी मुखप्पू, मात्र बाहेरून रस्त्यावर उभे राहून पाहावा. राजा येथून रथोत्सव पाहत असे.

नवरात्रमंडपमात येताच लाकूड संपते आणि दगड सुरू होतो. कोरीव दगडी खांबांच्या दोन रांगा आणि त्यांच्यामध्ये आरशासारखी काळी जमीन. हे वळण तमिळ देवळांचे आहे, आणि केरळी सुतार व तमिळ पाथरवट या दोन परंपरा एका वाड्यात शेजारी शेजारी नांदताना येथे दिसतात. बाजूला लाकडी जाळीचा आडोसा आहे, ज्याच्या बारीक छिद्रांतून राजघराण्यातल्या स्त्रिया नृत्य आणि गायन पाहत. छिद्राला डोळा लावून बघावे : बाहेरून आत काही दिसत नाही, आतून मात्र सगळा मंडप दिसतो. शेजारीच सरस्वतीचे देवस्थान आहे.

नवरात्राच्या संगीतपरंपरेत एक मराठी धागाही आहे. या उत्सवासाठी कीर्तने रचणारे महाराजा स्वाती तिरुनाळ यांचे शिक्षक आणि पुढे त्रावणकोरचे दिवाण झालेले सुब्बराव हे तंजावरचे मराठीभाषक होते.

यानंतर दक्षिणेकडचे तेक्के कोट्टारम आणि संग्रहालयाची दालने. त्रावणकोर संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याने 1930 च्या दशकात वाडा ताब्यात घेऊन संग्रहालयाचे रूप दिले. येथे शिलालेख, शिल्पे, नाणी, शस्त्रे आणि घरगुती भांडी आहेत. वेळ कमी असेल तर नाणी सोडून घरगुती वस्तूंकडे जावे. दारांच्या कड्या, अडसर आणि बिजागऱ्या पाहून परत वाड्यात जाता येत असेल तर जरूर जावे, कारण मघाशी ज्या दारांतून आपण नुसते गेलो त्यांची घडण आता दिसू लागते.

बाहेर पडल्यावर

तिरुवनंतपुरम–नागरकोविल रस्त्यावर पुलियूरकुरिची येथे उदयगिरी किल्ला लागतो. कुळच्चलच्या लढाईत पकडला गेलेला डच अधिकारी युस्टेशियस डी लॅनॉय पुढे मार्तंड वर्मा यांच्याच सैन्याचा सेनापती झाला. त्याने येथील किल्ल्यांची मजबुती केली, 1777 साली तो वारला, आणि त्याची कबर या किल्ल्यातल्या पडक्या चर्चमध्ये आहे. दगडावर लॅटिन आणि तमिळ अशा दोन्ही भाषांत लेख कोरलेला आहे. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात अक्षरे उठून दिसतात, म्हणून राजवाडा सकाळी आणि ही कबर दुपारनंतर, असा क्रम ठेवावा.